चौथी आलेली इटालियन

त्या इटालियन मुलीने खेळ सोडल्याचं मला दुपारच्या सुट्टीत कळलं. मी ऑकलंडमधल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. स्टाफरूममध्ये डबा गरम व्हायची वाट बघत उभी होते आणि फोनवर तिचा व्हिडिओ आला. एका साध्या खुर्चीत बसलेली, केस मोकळे, चेहऱ्याला काही लावलेलं नाही. इटालियन मला येत नाही, पण खाली इंग्रजी ओळी उमटत होत्या. पुरे झालं, असं ती सांगत होती. पाय आता ऐकत नाहीत आणि त्यांच्यावर रोज ओरडायचा मलाही कंटाळा आला. मायक्रोवेव्ह वाजून वाजून थांबला, तरी मी तशीच उभी. माझे डोळे बघून आमची टेक्निशियन हळूच म्हणाली, घरी सगळं ठीक आहे ना. तिला काय सांगणार? जिला मी जन्मात भेटले नव्हते अशा एका मुलीने नोकरी सोडावी तसा खेळ सोडला होता आणि मला आमटी-भात गिळवत नव्हता.

संध्याकाळी मुलीला शाळेतून घेतलं. गाडीत बसल्या बसल्या तिला ही बातमी दिली. ती तेव्हा चौदा वर्षांची. पाय डॅशबोर्डवर टाकून बसली होती.

"आय नो," ती म्हणाली. "गुड फॉर हर."

मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, मलापण स्टॉप करायचंय. आय ॲम हीप्स टायर्ड." हीप्स म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत खूप.

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी पुढे घेतली.

तेव्हापासून चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, आणि या विषयावर कुणी बोलतही नव्हतं. तिला रिदमिक जिम्नॅस्टिक्स सोडायचं होतं. मला ते सोडू द्यायचं नव्हतं. मी मूग गिळून बसले, कारण बोलले असते तर भांडण झालं असतं आणि भांडणात ती बरोबर ठरली असती.

ही इटालियन आमच्या घरात शिरली ती कोचबाईंमुळे. बाई बल्गेरियाच्या, करारी, कमी बोलणाऱ्या. शहराच्या ईस्ट टामाकी भागात एका जुन्या गोदामात त्यांचा क्लब. एका बाजूला फरशांचं दुकान, दुसऱ्या बाजूला ट्रकचे टायर बदलणारे, आणि मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये निळ्या गालिच्यावर बारीक मुली चेंडू उडवतायत. माझी मुलगी तिथे सहा वर्षांची असताना गेली. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी पालकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "पावलं बघा."

मी पावलं बघितली. सोळा वर्षांची एक काटकुळी पोरगी, कान जरा मोठे, चेंडूबरोबर खेळत होती. खेळत होती म्हणजे काय, चेंडू तिच्या हातावरून, मानेमागून, दुसऱ्या हातावर आपला आपण चालत गेला. पकडायचा नसतो तो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बोटांनी आवळला की मार्क जातात. तळहातावर नुसता बसू द्यायचा. मी तो व्हिडिओ स्वयंपाकघरात उभ्याने पाच-सहा वेळा पाहिला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. भाताचा गिचका झाला.

त्यानंतर तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. आधी मुलीसाठी, असं स्वतःला सांगत होते. उत्तर इटलीतल्या लहानशा गावातली ती. वडील बस चालवायचे, आई लाँड्रीत कामाला. पहिल्या मोठ्या स्पर्धेत कुठेतरी शेवटी शेवटी आली, कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी जरा वर, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर. मग जागतिक स्पर्धेत रिबनच्या, म्हणजे काठीला बांधलेल्या लांब फितीच्या, प्रकारात पदक मिळालं आणि तिच्या गावातल्या बेकरीवाल्याने काचेवर तिचा फोटो चिकटवला. तोपर्यंत तिला ओळखणारे लोक म्हणजे तिचं गाव, आमच्यासारख्या आया आणि त्यांच्या मुली, एवढेच.

ती खरी प्रसिद्ध झाली ती ऑलिम्पिकमध्ये, आणि तीही हरल्यावर. चारही प्रकार संपले, त्यातला शेवटचा रिबनचा होता, आणि ती चौथी आली. अगदी केसाइतक्या फरकाने पदक हुकलं. मार्क झळकले तेव्हा कॅमेरा तिच्या तोंडावर होता. सगळे रडण्याची वाट बघत होते. तिने आकडा वाचला, एकदा मान हलवली, आणि मांडीवरची ती सहा मीटरची रिबन चार बोटांभोवती सावकाश गुंडाळायला लागली. नीट, सुरकुती पडू न देता, दुकानदार कापड गुंडाळतो तशी. गुंडाळून झाल्यावर पिशवीत ठेवली आणि मगच उठली. तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा जगभर फिरला. इटलीने तिला डोक्यावर घेतलं. सुवर्णपदकवाली कोण होती, ते मला आज आठवत नाही. ही मात्र शाम्पूच्या जाहिरातीत आली, टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात आली, बिस्किटाच्या डब्यावर आली. तिच्यासारखा उंच बांधलेला अंबाडा आमच्या फ्लॅट बुश या उपनगरातल्या शाळेच्या मुलीसुद्धा घालायला लागल्या, ज्यांनी रिबन हातात धरलेली नव्हती.

मला ती का आवडली, ते आता स्पष्टच सांगते. मी आयुष्यभर चौथी आलेली बाई आहे. शाळेत पहिल्या तिघींना स्टेजवर बोलवायचे, मी टाळ्या वाजवायचे. पुण्यात दहा वर्षं औषधं देऊन इथे आले, तर पुन्हा परीक्षेला बसा म्हणाले, बसले. कधी नापास झाले नाही आणि कधी कुणाच्या लक्षातही राहिले नाही. चौथी येऊन लोकांनी डोक्यावर घेतलेली मुलगी पाहिली आणि मला वाटलं, असंही होतं तर. माझ्या मुलीला ते मिळावं अशी इच्छा त्या दिवशी माझ्या मनात रुजली. मुलीची इच्छा काय होती ते विचारायचं सुचलं नाही.

मुलगी क्लबात जायला लागली त्याला आठ वर्षं झाली. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी ईस्ट टामाकी. रस्ता मोकळा असेल तर बारा मिनिटं, पण तो मोकळा कधी असतो? शनिवारी सकाळी पुन्हा. स्पर्धा बऱ्याचदा हॅमिल्टनला. अंधारात उठून तिचा अंबाडा बांधायचा, जाळी, वीसेक आकडे, वरून स्प्रे, की एकही केस सुटता कामा नये. मग बॉम्बे हिल्सच्या धुक्यातून गाडी हाकायची. पहिल्या वर्षी त्या नावाची पाटी दिसली की आम्ही हसायचो. आता पाटी दिसली की मला फक्त अजून एक तास एवढंच दिसतं. हॉलवर पोचलं की इस्त्री शोधायची. रिबनला इस्त्री लागते, नाहीतर ती हवेत नीट उलगडत नाही. मी हॉस्पिटलात जितक्या गोळ्या हाताळल्या नसतील तितके चकचकीत खडे त्या कपड्यांवर चिमट्याने चिकटवले असतील. नवरा कधी यायचा, प्रेक्षकांत लॅपटॉप उघडून बसायचा, तिचा नंबर आला की लॅपटॉप मिटून टाळ्या वाजवायचा आणि पुन्हा उघडायचा. मला त्याचा राग यायचा, पण आज वाटतं, तोच एक तिच्याकडून काही मागत नव्हता.

आणि मुलगी चांगली होती. फार चांगली नव्हती. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. तिच्या पाठीत लवचीकपणा होता, हात सुंदर होते, पण रिबन हवेत फेकताना ती दर वेळी थोडीशी डोळे मिटायची. पडणार, असं आधीच ठरवून टाकल्यासारखी. उजवा घोटा दोन वर्षं दुखत होता. फिजिओ म्हणायचा विश्रांती द्या. मी म्हणायचे बर्फ लाव. मी औषधांच्या धंद्यातली बाई, दुखणं दाबायचे सगळे उपाय मला पाठ.

सिग्नलवरच्या त्या संध्याकाळनंतर नवरा एकदाच म्हणाला, "अगं, तिला नीट विचार तरी." मी म्हटलं, सगळ्या मुलींना या वयात सोडावंसं वाटतं, त्या इटालियनलाही वाटलं असेल. तो गप्प बसला. आमच्या संसारात तो गप्प बसला की समजायचं की त्याला पटलेलं नाही.

मग बातमी आली की ती इटालियन येतेय. खेळ सोडल्यावर ती देशोदेशी फिरून मुलींना शिकवत होती, आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात दोन दिवस ऑकलंडला, आमच्याच क्लबात, जुलैच्या सुट्टीत. कोचबाईंनी ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात जागा भरल्या. आमची जागा मी पहिल्या पाच मिनिटांत पक्की केली होती. मुलीला म्हटलं, "हिला भेटेपर्यंत थांब. भेटल्यावर तुला काय वाटतं ते बघू."

"स्वीट ॲज," ती म्हणाली. म्हणजे ठीक आहे; इथली पोरं कशालाही हेच म्हणतात. तिने ते ज्या आवाजात म्हटलं त्यात हो किंवा नाही, दोन्ही नव्हतं. पण तिने घासाघीस केली नाही आणि मी ते माझ्या बाजूने धरलं.

माझा बेत साधा होता. मुलगी तिला बघेल, तिचा हात पाठीवर पडेल, आणि विझत आलेलं काहीतरी पुन्हा पेटेल. शिवाय मी एक वाक्य पाठ केलं होतं. फोटोसाठी जवळ जायला मिळेल तेव्हा तिला म्हणायचं, "हिला सांगा ना, सोडू नकोस म्हणून." माझं नाही ऐकलं तरी तिचं ऐकेल.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस भुरभुरत होता. टायरवाल्याच्या दारापर्यंत गाड्या लागल्या होत्या. हॉक्स बे, टौरंगा, कुठल्या कुठल्या गावांहून मुली आल्या होत्या, सगळ्यांचे अंबाडे एकाच उंचीवर. आया भिंतीला लागून उभ्या, हातात फोन. पत्र्यावर पावसाचा आवाज चालू होता. ती आत आली तेव्हा आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. राखाडी ट्रॅकसूट, पाठीवर पिशवी, व्हिडिओत वाटायची त्यापेक्षा बरीच बुटकी. दारातली एक पायरी उतरताना तिने भिंतीला हात लावला. मग कुणीतरी ओळखलं आणि मुलींचा असा काही आवाज झाला की टायरवाल्याकडचा माणूस डोकावून गेला.

तिने मोठं काही शिकवलं नाही. दोन तास फक्त पाऊल जमिनीवर कसं ठेवायचं, रिबन पडली तर कशी उचलायची, आणि पडल्यावर पहिला श्वास कुठे घ्यायचा. एकेकीजवळ बसत गेली. माझ्या मुलीपाशी आली तेव्हा तिने तिचा उजवा घोटा दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्याने दाबला. काहीतरी विचारलं. मुलीने मान हलवली. मग मुलगी बरंच काही बोलली. एवढं सलग बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी भिंतीपाशी होते, मला एक शब्द ऐकू आला नाही.

नंतर फोटोंची रांग लागली. ती एका स्टुलावर बसली, आणि तेव्हा मला तिची प्रसिद्धी पहिल्यांदा जवळून दिसली. एक मुलगी तिला बघून रडली, ती हसली. फोटो. दुसरीने अंबाडा दाखवला, ती हसली. फोटो. मोजून तेवढंच हसू, ना जास्त ना कमी. संध्याकाळी काउंटरवर मी जसं हसते तसं. मी ते हसू लगेच ओळखलं. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असताना समोरच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून जे तोंडावर ठेवावं लागतं, ते.

आमच्या पुढे सात-आठ आया होत्या. त्यातली एक चिनी बाई मुलीचे खांदे धरून म्हणाली, "प्लीज, टेल हर डोन्ट गिव्ह अप." इटालियन हसली आणि म्हणाली, "डोन्ट गिव्ह अप." पुढची गोरी बाई, तिनेही हेच. त्यापुढची समोअन बाई, तिनेही. शब्द थोडे इकडचे तिकडे. प्रत्येक मुलगी खाली बघत होती. मी पाठ केलेलं वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून तीन वेळा ऐकलं आणि चौथ्या वेळी मला त्याची शिसारी आली. लाजही वाटली. जी बाई स्वतः सोडून आलीये तिच्याकडून आम्ही सगळ्या रांग लावून, सोडू नको असं वदवून घेत होतो.

आता माझ्या हातातल्या पिशवीबद्दल सांगायला हवं. मी तिच्यासाठी ओटीचं सामान नेलं होतं. आदल्या दिवशी मनात आलं, एवढी मोठी बाई आपल्या गावात येतेय, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. आपल्याकडे घरातून निघणाऱ्या बाईची ओटी भरतात. मी पुण्याहून इकडे यायला निघाले तेव्हा आईने माझी भरली होती, आणि मी विमानतळापर्यंत पदराला गाठ मारून बसले होते. त्यामुळे इंडियन दुकानातून नारळ आणला. ब्लाउजपिसांचा खण उपसला. आपल्या बायकांकडे असतो तसा, इकडून आलेलं तिकडे द्यायच्या पिसांचा. त्यातलं एकही मनाला येईना म्हणून माझं स्वतःचं हिरवं खणाचं कापड घेतलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड, हळदी-कुंकवाची डबी. मग शंका आली. ओटी सवाष्णीची भरतात; कुमारिकेची भरावी की नाही, यावर आमच्याकडे दोन मतं. हिचं लग्न झालंय की नाही हे एवढं वाचूनही मला माहीत नव्हतं. ठरवलं, इटलीत कोण विचारतंय.

आमचा नंबर आला. मुलगी फोटोसाठी तिच्या शेजारी उभी राहिली. मी फोन काढलाच नाही. पिशवी पुढे केली आणि माझ्या इंग्रजीत सुरू केलं की हे आमच्याकडचं, पाहुण्या बाईला देतात, तुम्ही असं धरा. तिला कळेना. मी खुणेने दाखवलं. तेव्हा ती स्टुलावरून उठली आणि तिने ट्रॅकसूटच्या जॅकेटची खालची दोन टोकं पुढे धरली. मी तिला हळद-कुंकू लावलं. नारळ ठेवला, कापड ठेवलं, ओंजळीने तांदूळ घातले. मागच्या बायकांनी फोन वर केले. ती आपल्या जॅकेटमधल्या त्या ढिगाकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच हसत नव्हती.

"हे काय आहे?" तिने मला नाही, माझ्या मुलीला विचारलं.

मुलीने माझ्याकडे बघायला हवं होतं. बघितलं नाही. ती थांबून थांबून, इंग्रजीत, तिला सांगत गेली. माझ्या आईच्या लोकांमध्ये बाई घरातून निघाली की तिला असं देतात. रिकामं जाऊ देत नाहीत. जिंकून निघाली की हरून, ते विचारत नाहीत. ती निघालीये, एवढं पुरतं.

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या ओट्या भरताना ती सोफ्यावर फोन घेऊन बसलेली असायची. मला वाटायचं तिचं लक्ष नसतं.

इटालियनने ओटीतला नारळ जरा सावरला. मग तुटक इंग्रजीत म्हणाली, "मी सोडलं तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं. का. पत्रकारांनी, शेजाऱ्यांनी, माझ्या आईनेपण. रोज, का." तिने तांदळात बोटं घातली. "मला हे कुणी दिलं नाही."

तेवढ्यात तिच्याबरोबर आलेली दौऱ्याची बाई पुढे झाली आणि हळूच म्हणाली, सॉरी, पण उद्या सकाळी ब्रिस्बेनचं विमान आहे, तांदूळ आणि नारळ नेता येणार नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या बाईने ऑकलंडच्या विमानतळावर आईच्या हातच्या लोणच्याची बरणी डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना पाहिलीये, जी आल्यागेल्या प्रत्येकाला बजावते की बाबांनो, बी-बियाणं आणू नका, त्याच बाईने विमानाला निघालेल्या माणसाच्या ओटीत नारळ आणि तांदूळ घातले होते. मागच्या बायका हसल्या. मीही हसले, काय करणार.

इटालियन हसली नाही. हिरवं कापड तिने काढून खांद्यावर टाकलं. नारळ माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, नाही नाही, परत घेत नाहीत. फार तर चार दाणे परत द्या, तशी रीत आहे, नारळ नाही. तिने हात मागे घेतला नाही. आणि त्या वेळी माझ्या शेजारून आवाज आला.

"आई. कॅन यू डू माइन टू?"

मी वळून बघितलं. मुलीने क्लबच्या जॅकेटची दोन्ही टोकं पुढे धरली होती. किती वेळ धरून उभी होती कोण जाणे. काय विचारतेय ते मला कळलं, आणि कळलं नाही असं दाखवायला आता जागाच उरली नव्हती. तिथे सिग्नल नव्हता की हिरवा झाला म्हणून पुढे जावं. मागे रांग होती, समोर ती इटालियन होती, आणि कोचबाई दोन हातांच्या अंतरावर हजेरीची वही घेऊन उभ्या होत्या.

मी फार थकले होते. आठ वर्षांची दमणूक होती ती. आणि मला वाटलं, मी एवढी थकलेय, तर घोटा हिचा आहे, ही किती थकली असेल. इतका साधा हिशेब मला इतक्या वर्षांत जमला नव्हता.

मी इटालियनच्या हातून नारळ घेतला. एकदा ओटीत घातलेला नारळ दुसरीच्या ओटीत घालत नाहीत, आईला कळलं असतं तर तिने मला झापलं असतं. मी घातला. मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं, अंबाड्याच्या स्प्रेने कपाळ कडक झालं होतं. इटालियनने आपल्या जॅकेटमधले तांदूळ माझ्या ओंजळीत ओतले, आणि मी ते हिच्या ओटीत घातले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा माझा हात हलेना. इटालियनने माझ्या हाताखाली हात धरला आणि आम्ही दोघींनी मिळून ते घातले. बरेचसे निळ्या गालिच्यावर सांडले.

कोचबाई जवळ आल्या. गालिच्यावरच्या तांदळाकडे त्यांनी नाराजीने पाहिलं. मग वही उघडली आणि नेहमीसारखं मला विचारलं. या पोरीबद्दलचा प्रत्येक प्रश्न आठ वर्षं मलाच विचारला गेला होता.

"सोमवारी चार वाजता, ना?"

मुलीने ओटी घट्ट धरली. तिचे डोळे माझ्यावर होते.

"नाही," मी म्हटलं. "ती थांबली. सोमवारपासून येणार नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ओके," त्या म्हणाल्या, वहीत एक रेघ ओढली आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला हाक मारली.

मुलगी रडायला लागली होती. तिचे दोन्ही हात ओटी धरण्यात गुंतले होते, म्हणून तिचं नाक मी पुसलं.